लांबकोटाचं पालुपद

माझ्या वाक्यांचा शेवट चौतीस वर्षं माझा नव्हता. मी म्हणायचे, "पाण्याची टाकी आज लवकर," की दारातून आवाज यायचा, "लवकर भरली, आज लवकर भरली." मी म्हणायचे, "मावशींकडे एकदा," की हे म्हणायचे, "जाऊन येऊ, एकदा जाऊन येऊ." डॉक्टरांनी सांगितलं, "मीठ कमी करा," तर ह्यांनी ते दोनदा म्हटलं, एकदा डॉक्टरांच्या पट्टीत आणि एकदा वरच्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चेष्टा नाही हो. सवय आहे."

ह्यांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, पण जीव कीर्तनात. हे बुवांच्या मागे उभे राहायचे, हातात झांजा घेऊन. जे कीर्तनाला जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मागे उभं राहणं म्हणजे काय. बुवा बोलता बोलता एक ओळ गातात आणि दम घेण्यासाठी थांबतात. तेवढ्यात ती ओळ मागच्याने उचलायची, पुन्हा म्हणायची, बुवांचा दम परत येईपर्यंत हवेत ठेवायची. बुवांचं पहिल्या दिवशीचं सांगणं एवढंच होतं, "ओळ खाली पडता कामा नये." ह्यांनी ते असं मनावर घेतलं की देवळात काय नि घरात काय, कोणाचीही ओळ कधी खाली पडू दिली नाही. अर्थ बुवांचा आणि सूर ह्यांचा अशी वाटणी होती. पुष्कळदा मी विचारायचे, "आज आख्यान कशावर होतं?" हे म्हणायचे, "काळी चारच्या पट्टीत होतं."

मी स्वतः कीर्तनाची वेडी. पुढच्या रांगेत मी, बुवांच्या मागे हे, असा आमचा अर्धा संसार समोरासमोर झाला.

मागल्या वर्षी बुवांच्या भाच्याने फोनवर कीर्तनं टिपून घ्यायला सुरुवात केली आणि बुवांना सुचवलं की ऐन प्रसंगात मधे थांबत जा, ऐकणाऱ्यांना गहिवरून येतं. बुवांनी ते ह्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी आख्यानात बारा वर्षांनी परतलेला लेक दारात उभा होता आणि आईची दृष्टी गेलेली होती. बुवा आईच्या आवाजात म्हणाले, "कोण आहे?" आणि थांबले.

सगळं देऊळ श्वास धरून बसलेलं. आणि मागून झांजांसकट, वरच्या पट्टीत, "कोण आहे, कोण आहे?"

माणसं हसली. लोळली म्हणायला हरकत नाही. आणि मीही हसले. पुढच्या रांगेत बसून, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसले. ह्यांनी एवढ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

बुवा मोठ्या मनाचे. रागावले नाहीत. चार दिवसांनी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आता थोडी विश्रांती घ्या." त्यांच्या मागे आता जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र असतं. भाचा बटण दाबतो, ते ओळ धरतं. थांबायच्या जागी भाचा बटण दाबत नाही. सगळं बिनचूक होतं.

ह्यांनी झांजा फडक्यात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि बोलणं बंद केलं. भांडल्यासारखं नव्हे. विचारलं तर उत्तर द्यायचे, हं, नाही, ठेव तिथे. पण कोणाचीच ओळ उचलेनात. चौतीस वर्षं मी देवाजवळ मागत होते की मला माझं वाक्य एकदा तरी पुरं करू दे. देव ऐकतो. पण तो नेमकं मागितलं तेवढंच देतो, म्हणून माणसाने जपून मागावं. आता मी म्हणायचे, "पाण्याची टाकी आज लवकर," आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचायचं नाही. सवयच नव्हती. आठ महिने घरात माझी अर्धी वाक्यं इकडेतिकडे पडलेली होती.

लेकीला फोनवर ते कळलं असावं. म्हणाली, "तीन आठवडे इकडे या. हवापालट होईल."

तिच्या देशात हवा होतीच, नको तेवढी होती. लेक आणि जावई सकाळी आठला कामावर जायचे आणि आम्हाला प्रेक्षणीय स्थळांची यादी देऊन जायचे. आम्ही पुतळे पाहिले. घोड्यावरचे, घोड्याशिवायचे, एक तर नुसता घोडा. लेक संध्याकाळी विचारायची, "बाबा, कसं वाटलं?" हे म्हणायचे, "चांगलं." मग ती माझ्याकडे पाहायची, मी ताटाकडे.

पाचव्या दिवशी यादीत एक जुना पूल होता. पुलापर्यंत जाण्याआधीच मला एका गोष्टीची निकड लागली, जी परमुलखात साठीच्या बाईला नेहमी चुकीच्या रस्त्यावर लागते. थंडीने ती दुप्पट झाली. एक दगडी उतार होता. एका बाजूला किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, पुढे चपला शिवणाऱ्याचं, आणि त्याच्यापुढे एक दार, अर्धं निळं रंगवलेलं आणि अर्धं रंगवायचं राहिलेलं. आत माणसं दिसली. मी म्हटलं, "अहो, मला इथे," आणि दार ढकललं.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी घर सोडून चाललंय. एकासारखी दुसरी खुर्ची नव्हती. शाळेतला एक बाक, न्हाव्याकडची एक फिरती खुर्ची, थेटरातल्या जोडून आलेल्या दोन, आणि खिडकीशी चक्क एक आंघोळीचा टब, त्यात उशा टाकून एक मुलगी पुस्तक वाचत बसलेली. भिंतीवर तीन घड्याळं, तिन्हींचा वेगळा संसार. एका पियानोचं झाकण गेलेलं होतं आणि त्यात चमचे ठेवले होते. यातली एकही वस्तू आमच्या घरात असती तर मी केव्हाच भंगारवाल्याला हाक मारली असती.

गल्ल्यामागे पन्नाशीच्या मालकीणबाई होत्या. केस निम्मे जांभळे, निम्मे पांढरे, दारासारखेच. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण या निकडीची खूण जगभर एकच आहे, ती म्हणजे चेहरा. त्यांनी ताबडतोब आतलं दार दाखवलं. देव त्यांचं भलं करो.

बाहेर येऊन पाहते तर हे पायमोज्यांवर उभे. दाराशी ह्यांचे बूट शिस्तीत मांडलेले.

"अहो, बूट का काढलेत?"

"सतरंजी आहे," हे म्हणाले.

होती खरी. खोलीभर जुनी लाल सतरंजी, पलीकडच्या भिंतीशी वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, आणि त्याच्याकडे तोंड करून बसलेली माणसं. मी पाहिलं आणि मीही चपला काढल्या. सतरंजी, चौथरा आणि गप्प बसलेली माणसं एकत्र दिसली की आमच्या पायांना वेगळं काही सुचत नाही. मालकीणबाई गल्ल्यावरून वाकून आमच्या पायांकडे बघत राहिल्या. मग त्यांनीही आपले जाडे बूट काढून कडेला ठेवले. का, ते मला आजही माहीत नाही.

नुसतं आत जाऊन आलो आणि निघालो हे काही बरं दिसेना, म्हणून कॉफी घेतली. बाहुलीच्या भातुकलीतल्यासारखे कप आणि कॉफी अशी कडू की काढा पाजताना आई नाक धरायची त्याची आठवण झाली. हे दोन्ही कप प्यायले. उठेचनात.

दुसऱ्या दिवशी यादीत संग्रहालय होतं. दाराबाहेर पडल्यावर हे संग्रहालयाकडे न वळता उताराकडे वळले. आठ महिन्यांत ह्यांनी आपणहून घेतलेलं हे पहिलं वळण, म्हणून मी मागोमाग गेले. तेव्हापासून रोज अकराला तिथेच. आम्ही गेलो की मालकीणबाई न्हाव्याची खुर्ची ह्यांच्यासाठी मोकळी करायच्या. मी बाकावर. माझी जपमाळ निघायची आणि ती पाहून शेजारच्या टेबलावरची एक बाई हळूच आपलं विणकाम काढायची.

तिथली मंडळी मी बसल्या बसल्या न्याहाळली. प्रत्येकजण एकटा बसायला आलेला. वीस-पंचवीस माणसं रोज एकत्र जमून एकटी बसायची. कुणासारखे दिसू नये म्हणून प्रत्येकाने काहीतरी केलेलं, आणि ते सगळ्यांनी सारखंच केलेलं. त्यांत एक होता, चाळिशीचा, हाडकुळा, घोट्यापर्यंत येणारा काळा कोट घातलेला. आम्ही त्याला लांबकोट म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचे. तो मधल्या घड्याळाखाली बसून वहीत एक ओळ लिहायचा, ती खोडायचा आणि मग तास तास खिडकीतून असा पाहायचा की खिडकीलाच अपराध्यासारखं वाटावं. कोणी जवळ गेलं तर हाताने थोपवायचा. मालकीणबाईंनाही कप टेबलाच्या कडेला ठेवून मागे सरावं लागायचं.

"याला काय झालं असेल हो?" मी एकदा विचारलं.

"श्वास वर वर घेतो," हे म्हणाले. "पोटातून घेत नाही."

शुक्रवारी दारावर एक कागद लागला. मी त्याचा फोटो लेकीला पाठवला. तिने वाचून सांगितलं, शनिवारी दुपारी चार वाजता काव्यवाचन, सर्वांना येण्याचं आमंत्रण. मग तिने विचारलं, "आई, पण तुम्ही तिथे पोचलात कसे? ती जागा फार नावाजलेली आहे. आम्हाला दोन वर्षांत सापडली नाही."

"गरज लागते," मी म्हटलं.

शनिवारी ती आमच्याबरोबर आली. जावईबापूंना झोप हवी होती. उतारावरून जाताना लेकीने मला मागे ओढलं.

"आई, तिथे अगदी शांत बसतात. टाळ्यासुद्धा नाहीत. आवडलं तर चुटक्या वाजवतात."

"चुटक्या आम्ही जांभई आली की वाजवतो."

"तेच सांगतेय. आणि बाबा मधेच काही म्हणणार नाहीत ना?"

"तुझे बाबा," मी म्हटलं, "आठ महिने कुठेच काही," आणि पुढे सुचलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला.

त्या दिवशी खोली भरलेली होती. चाळीसेक माणसं असतील. दाराशी जोड्यांची लांबलचक रांग होती. आठवडाभरात सगळ्यांनीच बूट काढायला सुरुवात केली होती. लेकीने शेजारच्याला कारण विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला म्हणे, ही इथली जुनी पद्धत आहे.

पहिल्यांदा टबातली मुलगी वाचून गेली. मग एक आजोबा. चुटक्या वाजल्या. मला खरंच जांभई आली, तिची चुटकी त्यांच्या रिवाजात बसून गेली. मग लांबकोट उठला. चौथऱ्यावर गेला, वही उघडली, माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं आणि वाचू लागला.

कविता मला कळली नाही. पण चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलेल्या बाईला न कळणाऱ्यातलंही थोडं कळतं. चार ओळी सरल्या की एक छोटी ओळ यायची, तीच ती, आणि ती आली की त्याचा आवाज उतरायचा. म्हणजे पालुपद होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्याचं एक बोट उठत होतं, टेकत होतं.

पुन्हा चार ओळी आणि ती छोटी ओळ. आता ह्यांच्या गळ्याची घाटी हलली.

चौथऱ्यावर लांबकोट आणि इथे परकी चाळीस माणसं, ज्यांना हसण्यासाठी भाषाही लागणार नव्हती. एकदा हसं झालं होतं तर हा माणूस आठ महिने मुका झाला. दुसऱ्यांदा झालं तर झांजा त्या फळीवरून कधीच उतरायच्या नाहीत, आणि मी उरलेलं आयुष्य अर्ध्या वाक्यांच्या घरात काढायचं. लेकीलाही दिसलं होतं. ती माझ्या कानात म्हणाली, "आई, हात दाब त्यांचा."

मी हात पुढे केला. मनगटापर्यंत नेला.

आणि लांबकोट ती छोटी ओळ म्हणून थांबला. दम घेण्यासाठी नव्हे. बुवांच्या भाच्याने शिकवलं होतं तसलं थांबणं, मी लगेच ओळखलं. या माणसांतही कोणाचा तरी भाचा असणार. खोलीत चमचासुद्धा वाजेना.

मी हात दाबला असता तर हे गप्प बसले असते, एवढं मला ठाऊक होतं. माझा हात त्या मनगटावर होता. मी तो उचलून घेतला. का उचलला हे मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की देवळात मी तोंडाला पदर लावला होता.

ह्यांनी ओळ उचलली. परक्या भाषेतली, अक्षर न् अक्षर जशीच्या तशी, काळी चारमध्ये. शेवटचा शब्द लांबकोटाने खाली टाकला होता, तो ह्यांनी उचलून वर ठेवला.

लांबकोटाने वहीतून मान वर केली. सगळ्यांनी माना वळवल्या. आता पुढचा श्वास हसण्याचा असतो. मला तो ठाऊक आहे, मी तो स्वतः घेतलेला आहे. टबातल्या मुलीचे गाल फुगू लागलेले मला दिसले. हसू येण्याआधी तिथे कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

म्हणून मी म्हटलं. तीच ओळ, मला जशी जमली तशी. माझा सूर चांगला नाही, मी ऐकणारी आहे. पण म्हटली, पुढच्या रांगेतल्यासारखी, ठासून.

लेकीने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

मग गल्ल्यामागून मालकीणबाईंनी तीच ओळ म्हटली, हातात दुधाचं भांडं धरून. का, ते त्यांनाच माहीत. त्यांनी बूट तरी का काढले होते? लांबकोटाने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, घसा साफ केला आणि पुढचं कडवं वाचलं. पालुपदाशी आला आणि थांबला नाही, अडकला. ह्यांनी उचललं, मी उचललं, मालकीणबाईंनी, विणकामवालीने, न्हाव्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या दोघांनी. त्यापुढच्या कडव्याला सगळी खोली. टबातली मुलगी टबावर ताल धरून होती. एकटं बसायला आलेली चाळीस माणसं पायमोज्यांवर बसून एका सुरात म्हणत होती, आणि हे खुर्चीत ताठ बसून प्रत्येक वेळी शेवटचा शब्द वर ठेवत होते.

मी लेकीला कोपराने डिवचलं. "काय म्हणतोय आपण?"

तिने बोटांच्या फटीतून सांगितलं, "माझं कोणी ऐकत नाही."

"अगं, पण अर्थ काय?"

"आई, हाच अर्थ. माझं कोणी ऐकत नाही."

वाचन संपलं तेव्हा चुटक्या वाजल्या नाहीत. टाळ्या वाजल्या, आणि चौथऱ्यावर उभ्या लांबकोटाचा चेहरा असा की वाढदिवसाला चुकून दुसऱ्याचा केक कापला असावा. तो सरळ आमच्याकडे आला आणि बोलू लागला, भराभर, हात हलवत. मधेच बोट ह्यांच्याकडे. लेक ऐकत होती आणि लाल होत होती.

"बाबा, ते म्हणताहेत, ही कविता लिहायला त्यांना चार वर्षं लागली. जगात आपलं ऐकणारं कोणी नाही, ही त्यांची खोल वेदना आहे. तुम्ही तिचा सत्यानाश केलात. आता ही कविता ते कुठेच वाचू शकत नाहीत, कारण ती खोटी झाली."

हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांना सांग, दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतात."

"बाबा, मी हे सांगणार नाही."

"सांग गं. उपयोगी पडेल."

तिने सांगितलं. मुलगी मोठी प्रामाणिक, हे संस्कार माझे. लांबकोट हात हलवायचा थांबला. त्याने वही उघडली, दुसरं कडवं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, एका जागी अडला, वही मिटली आणि निरोप न घेता निघून गेला. त्याचे बूट सापडायला वेळ लागला, त्यामुळे रागाने निघून जाण्याचं काम हवं तसं वठलं नाही.

परतताना लेक माझ्याशी बोलत नव्हती. मग अर्ध्या उतारावर तिला हसू फुटलं आणि ते आवरेना, भिंतीला टेकून उभी राहिली. हे पुढे चालत होते, हात मागे बांधून. मी म्हटलं, "उद्या सकाळी जरा उशिरा,"

"उठू," हे म्हणाले. "उद्या जरा उशिरा उठू."

थंडीने माणसाच्या डोळ्यांना पाणी येतं, त्या देशात तर फार येतं.

तो आठवडा मला जन्माचा पुरला. ट्राममधली बाई पुढचा थांबा सांगायची, हे पुन्हा सांगायचे, दोनदा. जावईबापू फोनवर साहेबांना म्हणाले, "बघतो," तर हे पलीकडून, "बघतो, बघतो." साहेबांना वाटलं, हा थट्टा करतोय. मंगळवारपर्यंत माझं एकही वाक्य पुरं झालेलं नव्हतं आणि बुधवारी मी देवाला म्हटलं, एवढंही मागितलं नव्हतं.

लांबकोट मात्र आठवडाभर दिसला नाही. मधल्या घड्याळाखालचं टेबल रिकामं. हे रोज तिकडे पाहायचे. गुरुवारी म्हणाले, "मी त्याची ओळ उचलली की मोडली?"

"तुम्ही उचललीत," मी म्हटलं. "मोडली असेल तर आपोआप."

पण ते काही समाधान नव्हतं. माझ्या लक्षात आलं, आवाज परतला होता तो उसना होता. त्या माणसाने जाता जाता कविता मोडल्याचा दोष ह्यांच्यावर टाकला होता. रविवारी आमचं विमान. शुक्रवारी हे पुन्हा हं आणि नाही यांवर आले. लेकीने बॅग भरताना विचारलं, "बाबा, तो निळा स्वेटर वर ठेवू का," आणि ते वाक्य तिथेच राहिलं, बॅगेच्या कडेवर.

शनिवारी चारला आम्ही गेलो. न्हाव्याच्या खुर्चीत हे बसले नाहीत, मागे दाराजवळ उभे राहिले, आपल्या बुटांशी. एक-दोघं वाचून गेले. मग दार उघडून लांबकोट आला, ह्यांच्याकडे न पाहता बूट काढले आणि चौथऱ्यावर गेला. हातात नवी वही.

लेक म्हणाली, "नवी कविता आहे. नाव आहे, 'एकट्यानेच'."

तो वाचू लागला आणि मला त्याचा डाव कळला. या कवितेत पालुपद नव्हतं. एक ओळ दुसरीसारखी नव्हती आणि तो कुठेही थांबत नव्हता, सुईएवढी फट ठेवत नव्हता, की मागून कोणी शिरू नये. असा धावत होता की पाठीमागे कुत्रं लागलंय. सगळी खोली तयारीत बसलेली, तोंडं अर्धी उघडी, आणि शिरायला जागाच नाही. मी मागे वळून पाहिलं. हे डोळे मिटून ऐकत होते. बोट हलत नव्हतं.

पण माणूस श्वास वर वर घेणारा. दोन पानं झाली, तिसऱ्या पानावर त्याचा आवाज चिरकला, एका ओळीच्या मध्यावर दम संपला आणि खोकला आला. खोकला थांबेना. ओळ अर्धी, वही हातात, डोळ्यांत पाणी. तो हाताने सांगत होता, एक मिनिट, आणि ते मिनिट काही येत नव्हतं.

दाराजवळून ओळ आली. तेवढीच अर्धी, जिथे सुटली होती तिथपर्यंत. मग पुन्हा, सावकाश. मग पुन्हा. ह्यांना पुढचं येत नव्हतं, म्हणून पुढे गेले नाहीत. नुसती धरून ठेवली. मालकीणबाईंनी पाण्याचा पेला नेऊन दिला. लांबकोट प्यायला. श्वास घेतला, आणि मी सांगते, पोटातून घेतला. हे धरूनच होते.

त्याने लगेच वाचायला सुरुवात केली नाही. त्याला सुरुवात करता आली असती. तो ऐकत उभा राहिला, आपलीच अर्धी ओळ, तीन वेळा, चार वेळा. मग चौथऱ्यावर एक पाऊल उजवीकडे सरकला. त्याच्या मागे डावीकडे एका माणसापुरती जागा झाली.

त्या जागेला काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. हे पायमोज्यांवर सतरंजी ओलांडून गेले, माणसं पाय आवरून वाट देत होती, आणि बुवांच्या मागे उभे राहायचे तसे, नेमके तसे, त्या जागेत उभे राहिले. मालकीणबाईंनी पियानोतून दोन चमचे काढून ह्यांच्या हातात दिले.

लांबकोटाने अर्धी ओळ पुरी केली आणि थांबला. थांबण्याआधी त्याने मान किंचित मागे वळवली. ह्यांना एवढीच खूण पुरली.

कविता एकट्यानेच राहण्याविषयी होती. फार रंगली.

दुसऱ्या दिवशी विमानात हे खिडकीशी बसले. मग म्हणाले, "घरी गेलं की बुवांकडे जातो. त्यांना म्हणतो, तुम्हाला थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण आधी मान वळवा. मला कळेल. त्या पोराला कळलं, त्यांना का कळू नये."

"आणि ते म्हणाले की यंत्रच बरं, तर?"

"यंत्राला खोकला ऐकू येतो का?"

बुवा काय म्हणतील कोण जाणे. पण झांजा फळीवरून उतरणार होत्या, एवढं माझं काम झालं होतं. मी मान मागे टेकली. हवाईसुंदरी पट्टे बांधा म्हणून सांगू लागली. ह्यांनी ते वरच्या पट्टीत उचललं. पुढच्या रांगेतल्या तिघांनी वळून पाहिलं.

"अहो, निदान इथे तरी माझ्यासाठी जरा," मी म्हटलं.

"गप्प बसा," हे म्हणाले. "जरा गप्प बसा."